पारंपरिक मराठी अलंकारांतील प्राणिरूपे : घडण आणि जतन

कान्हेरी येथील एका प्राकृत शिलालेखात कल्याणच्या सामिदत्त नामक सुवर्णकाराने पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. या परिसराचे सोनारकामाशी असलेले नाते किती जुने आहे, हे त्यावरून कळते. आज ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील घरांत जपलेले जुने दागिने मात्र पुष्कळदा कोकणातून वा देशावरून नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांनी सोबत आणलेले असतात. त्यांत मकर, नाग, मासा, मोर व वाघ यांची रूपे आढळतात. ही रूपे केवळ शोभेसाठी वा शुभचिन्हे म्हणून आली, असे मानणे अपुरे ठरते. प्राण्याची निवड पुष्कळदा दागिन्याच्या घडणीशी निगडित असते.

मकरमुखी कडे हे याचे उत्तम उदाहरण होय. घट्ट बसणारे कडे हातात चढवावयाचे तर ते कोठेतरी उघडावेच लागते आणि तेथील सांधा डोळ्यांना खटकतो. कारागिराने नेमक्या त्याच जागी दोन मकरमुखे समोरासमोर बसविली व मळसूत्राचा खिळा त्यांच्या आड दडविला. जेथे वैगुण्य, तेथेच नजर खिळावी अशी ही योजना आहे. पोकळ कड्यात लाख भरल्याने थोड्या सोन्यात भरदारपणा येतो आणि पत्राही चेपत नाही.

दंडावरील वाकीला नागाचे रूप मिळाले, कारण वेढा घालणे हा त्याचा देहधर्मच. मोराच्या पिसाऱ्याचा फेर खड्यांच्या कोंदणास सोयीचा. पायाच्या बोटांतील मासोळ्या चांदीच्या असतात. कमरेखाली सोने घालू नये, हा संकेत त्यामागे आहे. कोल्हापुरी साजाच्या पानांत मत्स्य व कूर्म येतात ते दशावतारांच्या रूपाने; तेथे घडणीपेक्षा श्रद्धेचा भाग मोठा.

वाघनखाची गोष्ट वेगळी आहे. येथे प्राण्याचे चित्र नसून प्रत्यक्ष नखच सोन्यात मढवून, दृष्ट लागू नये म्हणून, लहान मुलाच्या गळ्यात बांधीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वाघ व बिबट्या यांच्या नखांचा व्यापार हा गुन्हा आहे. बाळगलेल्या अशा वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली होती. प्रमाणपत्र नसल्यास ‘आजीने दिलेले आहे’ एवढे सांगून भागत नाही. असे नख घरात सापडल्यास सराफाकडे नव्हे, वनविभागाकडे विचारणा करणे योग्य.

इतर दागिन्यांना मात्र कायद्याचे नव्हे, मोडीचे भय आहे. जुना दागिना मोडीत घेताना लाख व डाग वजा करून घट धरली जाते. मकराच्या डोळ्यांवरील कोरीव कामाचे मोल शून्य. कुटुंबातील वाटणीत एक कडे दोघींत विभागता येत नाही, हेही वितळविण्याचे एक नित्याचे कारण. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या निर्यातीवर पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ चे निर्बंध आहेत. घरातील दागिना आटविला जाण्यापासून वाचविण्यास त्यांचा उपयोग नाही. त्यामुळे निदान मोडीपूर्वी वजन, माप, घराण्यात रूढ असलेले नाव आणि मळसूत्र उघडलेल्या स्थितीतील छायाचित्र यांची नोंद होणे आवश्यक आहे. मिटलेल्या कड्याच्या छायाचित्रात नेमका सांधाच दिसत नाही.