फ्री चर्चला सरकारपासून फारकत नको होती

मुंबईचे जॉन विल्सन आणि नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांच्याविषयी बोलताना एक वाक्य हमखास कानी पडतं : ‘हे दोघे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. धर्म आणि शासन वेगळे असावेत म्हणून हे चर्च १८४३ साली सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडलं.’ यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा साफ चूक. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती एकदा मान्य केली की या चर्चचा पुढचा सगळा इतिहास उलटा वाचला जातो.

गैरसमज : १८४३ची फूट धर्म आणि शासन यांच्या फारकतीसाठी होती.

वस्तुस्थिती : भांडण पाळकांच्या नेमणुकीचं होतं. १७१२पासूनच्या कायद्यानुसार गावच्या चर्चवर पाळक कोण येणार, हे बहुतेक ठिकाणी तिथला बडा जमीनदार ठरवत असे. १८३४ साली चर्चच्या जनरल असेंब्लीने, म्हणजे सर्वोच्च सभेने, मंडळीतल्या कुटुंबप्रमुखांना नकाराधिकार दिला. लगेच ऑक्टरार्डर गावात त्याची कसोटी लागली. तिथे अर्ल ऑफ किनूलने रॉबर्ट यंग यांना पाठवलं. त्यांच्या बाजूने गावातल्या अवघ्या दोघांनी सही केली. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी विरोध नोंदवला. तरीही कोर्टाने, आणि १८३९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनेही, जमीनदाराचाच हक्क उचलून धरला.

१८ मे १८४३ रोजी एडिनबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये जनरल असेंब्ली भरली. राणीचे प्रतिनिधी हजर होते. सभेचे मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचलं, प्रतिनिधींना लवून अभिवादन केलं आणि ते बाहेर पडले. त्यांच्यामागून निघालेली पाळकांची रांग थेट टॅनफील्ड हॉलपर्यंत चालत गेली. ४७० हून अधिक पाळकांनी पगार, राहतं घर आणि चर्चची इमारत यांवर पाणी सोडलं. भारतातले त्या चर्चचे मिशनरीही त्यांच्याबरोबर गेले.

त्या बंडखोरांचा नेता कोण, तर थॉमस चाल्मर्स. शासनाने धर्माला मान्यता द्यावी आणि आधारही द्यावा, हे ते आयुष्यभर मांडत आले होते. नव्या चर्चचे पहिले मॉडरेटर झाल्यावर त्यांनी हेच पुन्हा स्पष्ट केलं. शासनाने मदत करावी, पण मंडळीचा मस्तक ख्रिस्त आहे, तेव्हा तिच्या आध्यात्मिक कारभारात कोर्टाने हुकूम सोडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. संपूर्ण फारकत मागणारे लोक स्कॉटलंडमध्ये होते, पण ते वेगळे. त्यांतले बरेच जण १८४७ साली युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये एकत्र आले.

एवढ्यानेही शंका फिटत नसेल तर १९०४चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल वाचावा. १९०० साली फ्री चर्चचं बहुमत याच युनायटेड प्रेस्बिटेरियनांशी एक झालं. तिसांहूनही कमी पाळक मागे राहिले, मुख्यतः हायलँड्स आणि बेटांवरच्या मंडळ्यांचे. ते कोर्टात गेले. शासनाने धर्माला आधार द्यावा हे चर्चचं मूळ तत्त्व होतं, बहुमताने ते सोडलं, मग मालमत्ता त्यांची कशी, असा त्यांचा सवाल होता. लॉर्ड्सनी पाच विरुद्ध दोन मतांनी तो मान्य केला आणि हजाराहून अधिक मंडळ्यांची मालमत्ता त्या मूठभरांच्या हाती आली. एवढा पसारा त्यांना पेलणं शक्यच नव्हतं. शेवटी १९०५ साली पार्लमेंटला खास कायदा करून वाटणी करावी लागली.

म्हणून आजच्या छोट्या फ्री चर्चला ‘फुटून निघालेला गट’ म्हणणंही चूक आहे. १९०० साली तो जागचा हलला नाही. गेले ते बाकीचे.

इतर गैरसमज, थोडक्यात

*हे इंग्लंडच्या चर्चचंच एक अंग.* नाही. इथे बिशप नाहीत, राजा प्रमुख नाही. पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील मिळून कारभार पाहतात.

*इयान पेस्ली यांचं चर्च ते हेच.* नाही. ते उत्तर आयर्लंडमध्ये १९५१ साली स्वतंत्रपणे सुरू झालं.

*यांच्या उपासनेत गाणं वर्ज्य.* उलट, परंपरेने बायबलमधली स्तोत्रं सगळी मंडळी मिळून, वाद्यांच्या साथीविना गाते. फ्री चर्चने तर २०१० पासून इतर गीतं आणि वाद्यंही ऐच्छिक केली आहेत.

*तारण कुणाचं होणार हे देवाने आधीच ठरवलंय म्हटल्यावर यांना प्रचाराची गरज वाटत नाही.* ही निवड वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे या चर्चच्या अधिकृत श्रद्धापत्रात, आहे, आणि देव ती सुवार्तेच्या घोषणेतूनच पुरी करतो, असं हे लोक मानतात. विल्सन आणि हिस्लॉप हा विश्वासांगीकार मानूनच इथे आले.

*फ्री चर्च आणि फ्री प्रेस्बिटेरियन चर्च एकच.* नाही. विश्वासांगीकाराची बंधनं सैल करणारा ठराव फ्री चर्चने १८९२ साली केला, म्हणून फ्री प्रेस्बिटेरियन चर्च १८९३ साली वेगळं झालं. त्याची शिस्त अधिक कडक. ब्रिटनचे तेव्हाचे लॉर्ड चॅन्सलर लॉर्ड मॅके हे या चर्चचे वडील होते. ते आपल्या कॅथलिक सहकारी न्यायाधीशांच्या अंत्यविधीच्या मिस्साला गेले म्हणून त्यांना निलंबित करण्यात आलं आणि १९८९ साली सिनॉडने, म्हणजे या चर्चच्या सर्वोच्च सभेने, ती कारवाई कायम ठेवली. हे अनेक सभासदांनाच पटलं नाही; त्यांनी बाहेर पडून असोसिएटेड प्रेस्बिटेरियन चर्चेस स्थापन केलं. मलाही ती शिक्षा अन्यायाची वाटते. पण तिच्यामागचं तत्त्व नवं नव्हतं. देशाचा सर्वांत मोठा न्यायाधिकारी असला, तरी मंडळीच्या आत त्याच्या पदाला वजन नाही, हे १८४३ साली पगार आणि घरदार सोडणाऱ्यांनीही मान्य केलं असतं.