पाहुणा हुप्प्या

मानखुर्दसारख्या वस्तीत एखाद्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर वानर येऊन बसलं, की खाली गर्दी जमते. हे आलं कुठून, असं सगळेच विचारतात. एकटंच का, असं फारसं कोणी विचारत नाही. असं एकटं भटकणारं जनावर बहुधा नर असतं. काळतोंडी वानरं असोत की लाल तोंडाची माकडं, लेक जन्मभर माहेरी राहते आणि मुलगा वयात आला की बाहेर पडतो. टोळी आया, मावश्या आणि आज्यांची. हुप्प्या कितीही दणदणीत हुपहुप करो, तो तिथला पाहुणाच. एकच नर असलेल्या टोळीत तो दोन-अडीच वर्षं टिकला तरी पुष्कळ.

तरीही अभ्यासकांनी बराच काळ त्या पाहुण्याकडेच पाहिलं. मादी नर निवडते, हे डार्विनने १८७१ मध्येच लिहिलं होतं. पण त्याच्या समकालीनांना ते पटलं नाही. माझ्या मते त्यात शास्त्रापेक्षा त्या काळच्या दिवाणखान्यांचा वाटा मोठा होता.

१९६२ मध्ये आपल्या बेळगावच्या पलीकडे, धारवाडजवळच्या जंगलात युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक वानरांचा माग काढत होते. बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला, जुन्या म्होरक्याला हाकललं, हल्लेखोरांतला एक टोळीचा धनी झाला आणि टोळीतली तान्ही पिल्लं मारली गेली. दाटीमुळे आलेली विकृती, असं अनेकांनी म्हटलं. संशोधक सारा हर्डी १९७१ पासून राजस्थानात अबूच्या वानरांमागे फिरल्या आणि त्यांनी वेगळं उत्तर मांडलं. अंगावर पिणारं पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला आपली संतती मिळते. त्याच्याकडे वेळ कमी असतो.

मग वानरीने काय करावं? तिच्या निवडीची खरी गंमत इथे आहे. सगळ्यांत बलदंड नर हेरून त्याच्याशी एकनिष्ठ राहणं तिच्या फायद्याचं नाही, कारण तो उद्या हाकलला जाणार. पुढाकार बहुतेक वेळा तीच घेते. नराकडे पाठ करते, शेपटी खाली सोडते आणि डोकं थरथर हलवते. टोळीच्या कडेला बाहेरचे नर घुटमळत असतील, तर संधी साधून त्यांच्याकडेही जाते. नवा धनी आल्यावर गाभण वानरीसुद्धा त्याला असंच बोलावते. गाभणकाळ सुमारे २०० दिवसांचा, पण नराला तारखा मोजता येत नाहीत. जिच्याशी संग झाला तिचं पिल्लू आपलं असू शकतं, एवढ्या शंकेनेही तो हात आखडतो, असं हर्डींचं म्हणणं.

बबूनच्या मादीसारखी वानरीच्या मागच्या भागावर सूज येत नाही, त्यामुळे तिचे नेमके दिवस बाहेरून ओळखू येत नाहीत. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतली संप्रेरकं तपासली, तेव्हा दिसलं की माजाच्या काळात बीज नेमकं कधी सुटतं ते वरचढ नरालाही कळत नाही. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तिथे एका टोळीत अनेक नर असतात आणि दुय्यम नरही बाप झालेले आढळले. त्याच वानरांच्या डीएनए तपासणीत पिल्लांवर हल्ला करणारे नर त्यांचे बाप नसल्याचंही निघालं होतं. म्हणजे वानरीचा डाव बिनबुडाचा नाही.

याला वानरींचं राज्य म्हणायची घाई मात्र नको. पिल्लू आधीच छातीशी असेल, तर नव्या नराला फसवायला वेळ उरत नाही. मग काही आया टोळी सोडून हाकललेल्या नरामागे जातात, काही तिथेच नव्या नराच्या अंगावर जातात. अबूला हर्डींनी पाहिलं, की अशा वेळी नराला भिडण्यात पुढे असायच्या त्या म्हाताऱ्या वानरी, ज्यांना आता स्वतःची पिल्लं होणार नव्हती.