माशाच्या सालनात संखिया?

संखिया म्हटले की घरातल्या बुजुर्गांना विष आठवते. मराठीत तोच सोमल, विज्ञानाच्या पुस्तकात आर्सेनिक. पाण्यात मिसळला तर ना चव, ना वास, ना रंग. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो, तळाच्या गाळातले खातो, आणि विष त्याच्या अंगात उतरते.

देशातले आर्सेनिकचे मोठे पट्टे बंगाल-बिहारकडे. आपल्या बाजूला, गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडातल्या कौडीकसा गावात खडकातूनच ते विहिरींत उतरले. बीडचा काळा खडक वेगळा. पण आपल्या परळीत औष्णिक वीज केंद्र आहे, आणि दगडी कोळशाच्या राखेत थोडे आर्सेनिक असतेच. राखेचे पाणी ज्या ओढ्या-तळ्यात झिरपते, तिथला मासा आणि माजलगाव किंवा मांजरा धरणाच्या खुल्या पाण्यातला रोहू, कटला यांना एकाच मापाने मोजू नये.

मासा आपण खातो तो मुख्यतः प्रथिनांसाठी. प्रयोगशाळेत आर्सेनिकच्या पाण्यात ठेवलेल्या माशांच्या मांसात नेमकी हीच प्रथिने घटलेली दिसली. विषाशी झुंजण्यात त्याची ताकद खर्च होते, अंगातला साठा मोडावा लागतो. म्हणजे तुकडा तेवढाच, पैसे तेवढेच, पोषण मात्र कमी. बाळंतिणीला आणि वाढत्या मुलांना मुद्दाम मासा देणाऱ्या घरांचे यात खरे नुकसान.

समुद्राच्या माशात आर्सेनिक गोड्या पाण्यातल्या माशापेक्षा जास्त निघते, हे ऐकून बोंबील टाकून देऊ नका! तिथे ते बहुतेक सेंद्रिय रूपात असते. शरीर ते लघवीवाटे बाहेर टाकते. घातक ते असेंद्रिय रूप. वर्षानुवर्षे पोटात गेले तर तळहात-तळपाय खडबडीत होतात, त्वचेवर डाग येतात, कर्करोगाचा धोका वाढतो.

उकळल्याने हे विष जात नाही. सालन ज्या पाण्यात शिजते ते दूषित असेल तर पाणी आटते आणि विष रश्श्यात दाट होते. माशाचे मांस त्यामानाने बरे. साठा जास्त होतो तो काळीज, कल्ले आणि आतड्यांत. ते काढून टाकावेत. बारीक मासळी मात्र आतड्यासकट खाल्ली जाते, म्हणून ती कुठल्या पाण्यातली हे विक्रेत्याला आधी विचारावे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. बोअरचे पाणी वापरत असाल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बाटली नेताना आर्सेनिकचे नाव घेऊन तपासणी मागा, नाहीतर क्षार आणि फ्लोराइड पाहूनच कागद हातात पडतो.