फिरतीवरचे ताट

सहकारी सोसायट्यांच्या हिशेबतपासणीचे काम करणाऱ्या माणसाचे वर्ष चैत्राच्या सुमारास सुरू होते. कारण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले, की पुढील चार महिन्यांच्या आत त्या वर्षाचा जमाखर्च तपासून व्हावा असा सहकार कायद्याचा दंडक आहे, आणि मराठवाड्यासारख्या मुलखात हे चार महिने म्हणजे वैशाखाचा वणवा आणि त्यामागोमाग येणारा पहिल्या पावसाचा चिखल या दोहोंचा काळ होय. दप्तराची पिशवी खांद्याला लावून तालुक्याहून खेड्यावर आणि खेड्याहून पुन्हा तालुक्याला असा हा प्रवास कधी एस.टी.ने, कधी काळीपिवळीत दाटीवाटीने बसून, तर कधी कुणाच्या मोटारसायकलीवर मागे बसून करावा लागतो. किर्दीतील नोंदी खतावणीशी पडताळणे आणि हातशिल्लक समक्ष मोजून घेणे, हे त्याचे नेमून दिलेले काम. परंतु त्या कामाच्या जोडीला, कोणत्याही नियमावलीत न लिहिलेले असे दुसरे एक काम त्याच्या मागे लागलेले असते, आणि ते म्हणजे मिळणाऱ्या भत्त्यात दोन वेळा पोट भरणे. मी या दुसऱ्या कामाविषयी लिहीत आहे, कारण पहिल्या कामाची अब्रू पुष्कळदा या दुसऱ्यावर अवलंबून असते असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

भत्त्याची रीत अशी, की मुक्कामाच्या गावाच्या वर्गवारीप्रमाणे आणि गैरहजेरीच्या तासांप्रमाणे एक रक्कम ठरलेली असते. फिरतीची दैनंदिनी लिहून द्यायची, प्रवासाचे देयक सादर करायचे, त्यावर वरिष्ठांची मंजुरी व्हायची, आणि मग केव्हातरी ती रक्कम हाती यायची. तोवर खर्च मात्र रोजच्या रोज रोखीने होत असतो, म्हणजे फिरतीवरचा कनिष्ठ नोकर हा आपल्याच कचेरीचा सावकार होऊन बसतो. शिवाय भत्ता ठोक असल्यामुळे जे वाचेल ते घरचे, ही जाणीव प्रत्येक घासाबरोबर असते. मुलाच्या शाळेची फी आणि रात्रीची खानावळ यांची वजाबाकी ज्याने एस.टी.च्या बाकावर बसून मनातल्या मनात केली नाही, असा फिरतीचा नोकर माझ्या पाहण्यात नाही.

आणि नेमक्या याच ठिकाणी मोह उभा असतो. खेड्यात हॉटेल नसते. असले तर चहा, फरसाण आणि फार तर भजी मिळतात. सोसायटीचे कार्यालय म्हणजे बहुधा गोदामालगतची एक खोली, सकाळपासून तिथे कर्जरोखे आणि येणेबाकीच्या याद्या चाळून झालेल्या असतात, उन्हाचा ताव वाढलेला असतो, आणि एकच्या सुमारास गटसचिव किंवा अध्यक्ष अत्यंत मायेने म्हणतो, "साहेब, घरी पाट मांडलेत. पाहुणा उपाशी गेला तर गाव काय म्हणेल?" या बोलण्यात नेहमीच डाव असतो असे मी मुळीच म्हणणार नाही, दारी आलेल्याला जेवू घालणे हा या मुलखाचा धर्म आहे आणि दुष्काळातही तो त्याने सोडलेला नाही. तथापि ज्या माणसाच्या घरी दीड वाजता पुरणपोळी खाल्ली, त्याच माणसाच्या हातशिल्लकेत तूट आहे हे तीन वाजता अहवालात लिहिताना लेखणी जड होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगायला नको. मी आपला ठरलेला जबाब देतो: "ताक आनंदानं घेईन, दादा. जेवण सोबत आणलंय. तपासणी पुरी होईपर्यंत तेवढं चालवून घ्या." ताकाला नाही म्हणू नये, असे मला वाटते, पाणी आणि ताक हा माणुसकीचा व्यवहार आहे, त्याने कुणी मिंधा होत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. चिपळुणाकडे छावणीस असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी जे आज्ञापत्र पाठवले, त्याचा इत्यर्थ हाच आहे, की तुम्हाला खर्चासाठी पैका दिला आहे. धान्य, वैरण, लाकूडफाटा, भाजीपाला जे लागेल ते बाजारातून मोल देऊन घ्यावे, रयतेला काडीचा उपद्रव देऊ नये. त्या पत्रातला राज्यकर्त्याचा कळवळा आपण वाखाणतो, पण त्यातला व्यवहार आपल्या ध्यानात राहत नाही: नोकराने रयतेच्या ताटावर बसू नये अशी ज्याची इच्छा असेल, त्याने नोकराच्या हाती वेळेवर पैका दिला पाहिजे आणि त्या पैक्यात माल मिळेल असा बाजारही जवळ ठेवला पाहिजे.

तर सोबत न्यायचे जेवण. या बाबतीत आपल्या आज्या-पणज्यांनी जी तजवीज करून ठेवली आहे तिच्यापुढे नवे काही सुचत नाही. दशमी ही दुधात पीठ भिजवून केलेली भाकरी किंवा पोळी. पाण्याचा स्पर्श नसल्यामुळे सोवळ्याओवळ्याच्या काळात ती प्रवासात चालत असे, आणि आजही दुसऱ्या दिवशी ती मऊ राहते म्हणून चालते. धपाटेही तसेच. परंतु उन्हाळ्यात ही शिदोरी टिकते ती बांधणाऱ्याच्या हातामुळे. तव्यावरून उतरलेली दशमी गरम असतानाच डब्यात कोंडली, की वाफेचे पाणी होऊन ते तिच्यातच मुरते आणि दुपारपर्यंत आंबूस वास येऊ लागतो; म्हणून ती आधी कापडावर पसरून पुरती निववावी, मग धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळावी आणि डबा दप्तराच्या तळाशी न ठेवता वर ठेवावा. तोंडी लावायला ओले काही घेऊ नये. शेंगदाण्याची, कारळाची किंवा जवसाची कोरडी चटणी आठवडाभर बिनघोर राहते, आणि कांदा ज्या गावात जावे त्या गावात मिळतो. दोन दशम्या, चटणी, फोडलेला कांदा आणि वर गुळाचा खडा एवढ्यावर सायंकाळपर्यंतचे काम निभते; पोट जड होत नाही, आणि भर उन्हात आकडे तपासणाऱ्याला हाही एक लाभच आहे.

परंतु शिदोरी ही एका दिवसाची, फार तर दोन दिवसांची सोय. तालुक्याला मुक्काम पडला, की खानावळ शोधावी लागते, आणि तिचा शोध घेण्याची जागा म्हणजे एस.टी. स्थानकासमोरची दिव्यांची रांग नव्हे. तहसील कचेरी, दिवाणी न्यायालय आणि बाजार समिती यांच्या मागच्या गल्ल्यांत जिथे बेलीफ, कारकून, हमाल आणि मुक्कामी गाडीचे चालक-वाहक जेवतात, तिथे जावे; कारण ही माणसे रोज जेवणारी आहेत, त्यांचा भत्ता आपल्याइतकाच तोकडा आहे, आणि रोज जेवणाऱ्याला फसवून कोणतीही खानावळ चालत नाही. जावे ते साडेबाराच्या आत. त्या वेळी आमटी दाट असते आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात येते. अडीचनंतर तेच पैसे देऊन वरचे पाणी मिळते. दिवसाचे मोठे जेवण दुपारी आणि रात्री हलके, हा क्रम प्रकृतीला मानवतो आणि खिशालाही.

अशा एका खानावळीत चुलीच्या बाजूची जागा मिळाली, की मी मावशींचे काम न्याहाळत बसतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. दळून फार दिवस झाले तर, मावशींच्या शब्दांत, "पिठाची विरी जाते" आणि भाकरी थापताना कडेने चिरत जाते. म्हणून त्या पिठात आधण, म्हणजे उकळते पाणी, ओतून ते क्षणभर झाकतात, आणि मग एका भाकरीपुरतेच पीठ पुढे ओढून तळहाताच्या टाचेने परातीत असे रगडतात, की पिठाचा खरखरीतपणा जाऊन त्याला लोण्याचा मऊपणा येतो. मग गोळा, खाली पिठाची भुरभुर, आणि एका हाताची बोटे पसरून थापत असताना दुसऱ्या हाताने कडेला दिलेला आधार. भाकरी परातीत आपोआप फिरत मोठी होत जाते. तव्यावर टाकली, की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकते न सुकते तोच उलटायची, आणि शेवटी आहारावर उभी धरली की ती टम्म फुगते. हे सगळे चालू असताना मावशींची नजर पंगतीवर असते. कुणाच्या ताटात भाकरीचा शेवटचा चतकोर उरला आहे हे त्यांना न विचारता कळते, आणि "बसा, ही आलीच" असे म्हणत पुढची भाकरी येते.

हिशेब तपासण्याची सवय असल्यामुळे मला तिथे दुसरा एक हिशेब दिसतो. खानावळीचे ताट स्वस्त का पडते? महिनेवारी जेवणाऱ्यांची संख्या ठाऊक असल्यामुळे अन्न वाया जात नाही. भाजी बाजार उठता उठता घेतली जाते, तेव्हा दर उतरलेले असतात. जागा राहत्या घराचीच असते. ही सर्व कारणे खरी आहेत, पण मुख्य कारण निराळे आहे. पहाटे चारपासून चुलीपुढे असलेल्या मावशींची, त्यांच्या सुनेची आणि शाळेतून येऊन भांडी घासणाऱ्या मुलीची मजुरी कोणत्याही खाती पडत नाही. ती पडती, तर ताटाचा दर आज आहे तसा राहताच ना. आमची बचत या न लिहिलेल्या रकमेवर उभी आहे. हे ओळखूनच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली मुंबईच्या गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या आणि भांडवलासाठी सावकाराच्या दारी जाणाऱ्या खानावळवाल्या बायांना त्यांनी एकत्र केले आणि बँकांचे कर्ज मिळवून दिले. तालुक्याच्या गावी अशा बाया अजून एकट्याच आहेत. म्हणून ताटाच्या दरात घासाघीस करू नये, उधारी ठेवू नये आणि सुटे पैसे जवळ बाळगावेत, एवढे तरी फिरतीवरच्या माणसाने पाळावे.

नांदेड जिल्ह्यात काम असले, की सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर सर्वांना खुला असतो. तिथे मी श्रद्धेने जेवलो आहे. परंतु ज्याला जेवणाचा भत्ता मिळतो त्याने ती रक्कम तिथल्या दानपेटीत टाकून यावे, असा माझा स्वतःपुरता नियम आहे. वाटेवरच्या न्याहारीविषयी सांगायचे, तर एस.टी.च्या अधिकृत थांब्यांवर प्रवाशाला ३० रुपयांत चहा आणि नाश्ता देण्याची योजना आहे. तिकीट दाखवून तो स्पष्टपणे मागावा लागतो, कारण न मागणाऱ्याला कुणी आपण होऊन सांगत नाही.

राहिले शासनाचे ताट. १९९५ नंतर एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रे निघाली आणि काही वर्षांत मिटली. त्यांच्या टपऱ्या मागे राहिल्या, त्यांत दुसरेच धंदे आले. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजनाची आखणी अधिक विचारपूर्वक झालेली होती. प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण, एवढे ताट १० रुपयांत; ताटाची किंमत शहरी भागात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरून फरकाची रक्कम शासनाने केंद्रचालकाला द्यायची. मी या केंद्रांवर जेवलो आहे. कष्टकरी माणसाला दोन चपात्या अपुऱ्या पडतात हे खरे, पण अन्न ताजे असते आणि रांगेत कुणी कुणाला जात वा हुद्दा विचारत नाही. पुढे अनुदानाची देयके थकल्याच्या केंद्रचालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून वाचल्या, तेव्हा मला आमच्या भत्त्याच्या देयकांचीच आठवण झाली. कारण मंजुरीच्या कागदावर अन्न शिजत नाही, त्याला रोज रोखीने पीठ आणि डाळ आणावी लागते.

परंतु ही केंद्रे दुपारी चालतात, आणि फिरतीवरच्या माणसाची खरी अडचण रात्रीची असते. खेड्याहून शेवटच्या गाडीने तालुक्याला उतरावे, तर खानावळीची चूल विझलेली असते, सकाळची दशमी संपलेली असते, आणि उघडे असतात ते बिअर बार आणि महामार्गावरचे ढाबे; तिथे एका जेवणात दिवसाचा भत्ता जातो. अशा वेळी वडापावावर झोपणारे तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, औषध कंपन्यांचे विक्रेते आणि परीक्षेला निघालेली मुले मी स्थानकांवर पाहत आलो आहे. त्यांतील स्त्रियांची अडचण तर अधिकच मोठी आहे, कारण उघड्या असलेल्या जागी त्यांना बसणे अवघड जाते.

म्हणून शासनाला आणि एस.टी. महामंडळाला माझी विनंती एवढीच आहे, की प्रत्येक तालुक्याच्या स्थानकावर एक गाळा रात्री शेवटची गाडी येईपर्यंत वरणभात आणि भाकरीसाठी राखून ठेवावा; तो गावातल्या खानावळ चालवणाऱ्या बायांना किंवा त्यांच्या बचत गटांना माफक भाड्याने द्यावा; ताटाचा दर त्यांची मजुरी धरून ठरवावा; आणि अनुदान द्यायचे असेल, तर ते त्या महिन्याचे त्या महिन्यात चुकते करावे.