न भरणारी जखम आणि केळीचं पान

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यात कापूस घेऊन आलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या नडगीवर महिनोन्‌महिने न भरलेली जखम दिसली, की भोवतीचे चार जण हमखास विचारतात, ‘शुगर बघितली का?’ प्रश्न रास्तच आहे. अशा जखमांमागे बहुधा मधुमेह, पायाच्या फुगलेल्या शिरा नाहीतर तंबाखूनं आवळलेल्या रक्तवाहिन्या निघतात. पण साखर ठीक, शिरा ठीक, आणि जखम मात्र आठवड्या-आठवड्याला पसरतेच आहे, असाही एखादा रुग्ण असतो. त्याची आधी हळदीवर, मग मेडिकलमधल्या मलमावर आणि मग एकामागून एक बदललेल्या प्रतिजैविकांवर बोळवण होते. त्याच्या जखमेत मुळात जंतूंचा दोष नसतो. त्याच्याच शरीराची संरक्षण-यंत्रणा उलटलेली असते.

या उलटण्याची रूपं बरीच. ल्युपसमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊन त्वचेचा पुरवठा तुटतो. जुन्या आमवातात बारीक रक्तवाहिन्या सुजून घोट्याजवळ व्रण होतात. स्क्लेरोडर्मात थंडीनं बोटं आधी पांढरी, मग निळी पडतात आणि टोकांना जखमा होतात. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली उतरतो. त्या दिवसांत असा रुग्ण पहाटे उघड्या हातांनी पाणी धरायला गेला, तर त्याचं दुखणं वाढलंच म्हणायचं. हातमोजे, तंबाखू बंद आणि रक्तवाहिन्या सैलावणारी गोळी, हा त्याचा उपचार. इतकं पुरे, कारण खरी गंमत पुढच्या दोन आजारांत आहे.

पहिला पायोडर्मा गँग्रेनोसम. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1930 साली त्याला हे नाव दिलं आणि ते दोन्ही अंगांनी फसवं निघालं: यात मूळचा जंतुसंसर्गही नसतो आणि गँग्रीनही नसतं. काटेकोर बोलायचं तर हा स्वयंप्रतिकारापेक्षा दाहाचा आजार, पण आमवात आणि आतड्याच्या दाहाच्या रुग्णांत तो वारंवार भेटतो. सुरुवात एका पुळीनं होते. बघता बघता तिची खोल जखम होते. कडा जांभळट आणि आतून पोखरलेल्या, आणि वेदना जखमेच्या आकाराला न शोभणारी. आता कोणताही शल्यविशारद काय करील? मेलेला भाग कापून जखम स्वच्छ करील. मधुमेही जखमेत ते बरोबरच आहे. इथे मात्र सुरी लागली की जखम आणखी फाकते. कधी कधी नुसत्या सुईच्या टोचणीनंही नवा व्रण उठतो. ‘साफ केली आणि दुप्पट झाली’ असं रुग्ण सांगतो तेव्हा तो डॉक्टरची तक्रार करत नसतो, निदान सांगत असतो. ब्रिटनमध्ये 121 रुग्णांवर प्रेडनिसोलोन आणि सायक्लोस्पोरिन यांची तुलना झाली. 2015 मध्ये आलेल्या निकालात दोन्ही औषधं सारखीच ठरली, आणि दोन्हीकडे सहा महिन्यांत जेमतेम निम्म्या जखमा भरल्या होत्या.

दुसरा पेम्फिगस. यात त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनावरच शरीर प्रतिपिंडं सोडतं. पेशी सुटतात, फोड येतात, फुटतात आणि मागे ओली, सोललेली अंगं उरतात. बहुतेकदा सुरुवात तोंडातून होते. रुग्ण कित्येक महिने ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स खातो, तिखट सोडतो, दातांच्या डॉक्टरकडे जातो. अंगावर फोड आले की कुणीतरी नागीण म्हणून उतरवून देतो. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून सरकवतात. ती सोलून निघाली तर संशय पक्का. मग फोडालगतचा त्वचेचा बारीक तुकडा तपासणीला जातो. विशिष्ट प्रकाशात पाहिलं, की पेशींच्या कडांनी मच्छरदाणीसारखी चमकती जाळी दिसते.

अशा अंगाला कापसाची जाळीदार पट्टी बांधणं म्हणजे छळ. ती चिकटते आणि बदलताना नुकती धरलेली कातडी घेऊनच निघते. महागडी न चिकटणारी ड्रेसिंगं मिळतात, पण निम्मं अंग झाकायचं तर कोणत्या शेतकऱ्याला परवडणार? इथे मुंबईची आठवण काढलीच पाहिजे. वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. एम. एच. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली आणि 1985 मध्ये ती जगापुढे मांडली. पुढे सायन रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान उचललं. त्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत जखम भरण्यात पान आणि साल बरोबरीची ठरली, मात्र पान अकरा पटींनी स्वस्त आणि करायला सोपं. भाजलेल्यांसाठी निघालेली ही युक्ती भारतातल्या त्वचारोग विभागांनी पेम्फिगसच्या रुग्णांसाठी उचलली.

कृती पाहण्यासारखी आहे. पान धुवायचं, मधला जाड दांडा काढायचा, कापडी पट्टीवर पसरून गुंडाळी करायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफवायची. हिरवंगार गेलेलं पान बाहेर येतं ते मेहेंदीच्या मळकट रंगाचं, मऊ, पण मेणचटपणा टिकवून. तोच मेणचटपणा कामाचा: सोललेल्या अंगाला पान धरत नाही, गारवा देतं, आणि काढताना रुग्ण ओरडत नाही. पाठ सोललेल्या रुग्णाला काही ठिकाणी अशा पानांच्या अंथरुणावरच निजवतात, वर माश्यांसाठी मच्छरदाणी. सुश्रुतानं व्रणाचे साठ उपक्रम सांगितले त्यात पत्रदान, म्हणजे जखमेवर पान ठेवणं, आहेच. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरची केळी आखाती देशांत जातात आणि पानं बांधावर वाळतात. मराठवाड्यातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयानं ती आणायला हवीत, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. फवारणी झालेल्या मळ्यातलं कच्चं पान घरीच जखमेवर ठेवणं मात्र धोक्याचं.

आणि पान आजार बरा करत नाही. तो आतून विझवावा लागतो. स्टेरॉइडं येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. दिल्लीच्या एम्समधले डॉ. जे. एस. पसरिचा यांनी 1980च्या दशकात पल्स पद्धत रुजवली: डेक्सामेथासोन 100 मिलिग्रॅम, ओळीनं तीन दिवस सलाइनमधून, त्यांतल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड, आणि दर 28 दिवसांनी पुन्हा. औषधं स्वस्त, म्हणून ही पद्धत देशभर पसरली. सायक्लोफॉस्फामाइडनं प्रजननक्षमता जाऊ शकते, म्हणून तरुणांना दुसरं औषध द्यावं लागतं. आता रिटुक्सिमॅब आलं आहे. फ्रान्समध्ये 90 रुग्णांवर झालेल्या चाचणीत थोड्या काळाच्या स्टेरॉइडांसोबत ते दिल्यावर दोन वर्षांनी 89 टक्के रुग्ण औषधाविना निरोगी होते, नुसत्या स्टेरॉइडांवर 34 टक्के. यातलं काहीही सुरू करण्याआधी क्षयरोग आणि कावीळ-बी तपासणं आपल्याकडे टाळता येत नाही.

सेलूहून रेल्वेनं एका बाजूला परभणी आणि नांदेड, दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. परभणीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 मध्ये सुरू झालं, हाही दिलासाच. जाताना जुने कागद आणि जखमेचे फोनमध्ये काढलेले तारीखवार फोटो न्यावेत, आणि उपचार सरकारी योजनेत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं.

पल्सचे रुग्ण निसटतात ते मात्र वेगळ्याच वेळी. तीन-चार पल्समध्ये फोड थांबतात, अंग स्वच्छ दिसू लागतं, त्यात सुगी आलेली असते. मग 28व्या दिवसाची तारीख राहून जाते. फोड नसतानाही पुढे कित्येक महिने त्या तारखा पाळाव्याच लागतात. घरात असा कुणी असेल तर कापूस वेचणी चार दिवस मागे राहिली तरी चालेल, पण त्याला त्या दिवशी गाडीत बसवून द्या, आणि स्टेरॉइडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाएकी बंद करू देऊ नका.