डहाणूचा धडा : आराखड्याचे रक्षण कोण करणार?

विशेष प्रतिनिधी

प्रादेशिक आराखडा म्हणजे केवळ रंगीत नकाशा नव्हे. शेती कोठे राहील, वस्ती कोठे वाढेल, कारखाने कोठे येतील आणि कोठे येऊ दिले जाणार नाहीत, हे तो ठरवतो. महाराष्ट्रात १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने त्याला वैधानिक अधिष्ठान दिले आहे. मात्र आराखड्यातील मर्यादा मोठ्या प्रकल्पांपुढे टिकतात का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी डहाणूइतके बोलके उदाहरण राज्यात क्वचितच सापडेल.

चिकूच्या बागा, वारली पाडे आणि मच्छीमारांच्या वस्त्या असलेला हा तालुका केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. उद्योगांची लाल, नारिंगी आणि हिरव्या श्रेणीत विभागणी करून प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव करण्यात आला. उद्योगांसाठी कमाल ५०० एकरांची मर्यादा ठरली. बागा, हरितपट्टे आणि आदिवासी क्षेत्रे आराखड्यात स्पष्ट दाखवून त्यांचा वापर बदलू नये, असेही बंधन घालण्यात आले.

प्राधिकरणाचा अंकुश

या तरतुदींची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. नियोजन व पर्यावरणाच्या तज्ज्ञांनाही त्यात स्थान मिळाले.

प्राधिकरणाने १९९८मध्ये वाढवण येथील बंदराला परवानगी नाकारली. डहाणूतील ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र मात्र बंद केले नाही. धुरातील गंधकाचे प्रमाण घटवणारे संयंत्र बसवण्याचा आदेश १९९९मध्ये दिला. ते संयंत्र २००७मध्ये कार्यान्वित झाले. म्हणजेच एका प्रकल्पाला नकार मिळाला आणि दुसऱ्यावर अटी आल्या. तोल साधणे म्हणजे काय, ते या दोन निर्णयांतून दिसते.

व्याख्या बदलली की...

२०२०मध्ये बंदरांचे वर्गीकरण बदलले आणि ती लाल श्रेणीतून बिगर-औद्योगिक गटात गेली. ३१ जुलै २०२३ रोजी याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटींसह संमती दिली. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदरासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे.

बंदरामुळे व्यापार आणि रोजगार वाढेल, असे सरकारचे म्हणणे आहे. तर मासेमारीची जागा हिरावली जाईल, अशी मच्छीमारांची भीती आहे. या दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणारी स्वतंत्र यंत्रणा हवीच. परंतु डहाणूचा अनुभव त्यापुढची गोष्ट सांगतो. आराखडा कायम असतो, प्राधिकरणही कायम असते आणि तरीही श्रेणीची व्याख्या बदलली की निर्णयाची दिशा बदलू शकते. त्यामुळे आराखड्यावर हरकती नोंदवणाऱ्या नागरिकांनी नकाशातील रंगांइतकेच त्याखालच्या व्याख्यांकडेही लक्ष द्यायला हवे.