कार्ड कां अडतें?

ज्ञानेश्वर महाराजांनीं १२९६ सालीं जेथें समाधि घेतली, त्या आळंदीस कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास वारकऱ्यांची केवढी दाटी होते हें महाराष्ट्रास सांगावयास नको. समजा, अशा दिवशीं देवळाजवळच्या एका उपाहारगृहांत पुण्याहून आलेलें एक कुटुंब जेवून उठलें आहे. बिल झालें १,८४० रुपये. गृहस्थ कार्ड पुढें करतात, वेटर स्वाइप मशीन टेबलाशीं आणतो, कार्ड आंत सरकवलें जातें, पिन दाबला जातो. आणि मग पडद्यावर नुसतें चक्र फिरत राहतें. कांहीं वेळानें ‘व्यवहार अपूर्ण’ अशीं अक्षरें उमटतात. इतक्यांत गृहस्थांच्या खिशांतला फोन वाजतो, आणि खात्यांतून १,८४० रुपये वजा झाल्याचें कळवितो. मालकाजवळ पावती नाहीं, गिऱ्हाइकाच्या खात्यांत पैसे नाहींत. दोघेहि खरें बोलत आहेत, आणि तरीहि दोघे एकमेकांकडे संशयानें पाहूं लागतात. हा संशय टाळावयाचा असेल, तर कार्डाचा व्यवहार चालतो कसा हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

कार्ड यंत्रांत घातलें कीं पैसे तत्काळ दुकानदाराच्या पेटींत पडतात, अशी सामान्य समजूत आहे. वास्तविक त्या वेळीं जातो तो केवळ एक निरोप. तो यंत्रांतून दुकानदाराच्या बँकेकडे, तेथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारख्या मध्यस्थाकडे, आणि अखेर ज्या बँकेनें कार्ड दिलें तिच्याकडे पोचतो. ती बँक पिन, शिल्लक व कार्डाची मुदत तपासते आणि आपलें उत्तर त्याच वाटेनें परत पाठविते. एवढी सारी जा-ये एरव्हीं कांहीं सेकंदांत पुरी होते. प्रत्यक्ष रक्कम मात्र बँकाबँकांचा हिशेब मिटल्यावर दुकानदाराच्या खात्यांत येते. पूर्वींच्या हुंडीची ज्यांस माहिती आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. हुंडी सकारली जाई, नाकारली जाई, किंवा ती घेऊन निघालेला कासीद वाटेंतच अडकून पडे. यांतील शेवटच्या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत. एक नकार, दुसरें मौन. कार्डाच्या बाबतींतला बहुतेक घोंटाळा या दोहोंची गल्लत केल्यानें होतो.

नकार बहुधा लवकर येतो आणि आपलें कारण घेऊन येतो. आयएसओ ८५८३ हा आंतरराष्ट्रीय संकेत १९८७ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारें हें कारण दोन आंकड्यांत कळविण्याची रीत रूढ आहे. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली, ५५ म्हणजे पिन चुकलेला. ७५ आला तर चुकीचा पिन मर्यादेहून अधिक वेळां दाबला गेला, आणि ९१ आला तर कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणाच त्या घटकेस बंद आहे, असें समजावें. ०५ हा आंकडा मोघम आहे; बँक नाहीं म्हणते, पण कां तें सांगत नाहीं. नकाराचा आणखी एक प्रकार नव्या कार्डांत आढळतो. कार्ड यंत्राजवळ नुसतें धरून, पिन न देतां, ५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा १ जानेवारी २०२१ पासून आहे; परंतु १६ मार्च २०२० पासून ही सोय नव्या कार्डावर मुळांत बंद ठेवलेली असते, आणि ती चालू करणें कार्डधारकाच्या हातीं असतें. म्हणून जें कार्ड जवळ धरून चालत नाहीं, तेंच आंत सरकवून पिन दिला म्हणजे चालतें. असा स्पष्ट नकार आला असतां तेंच कार्ड पुनःपुन्हां घालण्यांत अर्थ नसतो. पिन चुकत असेल तर त्यानें कार्डच अडकून बसतें.

मौनाचीं कारणें पुष्कळदां उपाहारगृहाच्या चार भिंतींतच सांपडतात. यात्रेच्या दिवशीं हजारों फोन एकाच मनोऱ्याशीं बोलूं पाहतात, आणि यंत्रांतलें सिमहि त्याच गर्दींत रांगेला उभें असतें. यंत्र वाय-फायवर असेल, तर वीज जातांच राउटर बंद पडतो. यंत्र मात्र बॅटरीमुळें उजळलेलेंच राहतें आणि सर्व ठीक असल्याचा भास होतो. मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारें २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर अन्न तापवितो, वाय-फायचा एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आहे. म्हणून मुदपाकखान्याला लागून ठेवलेलें यंत्र ओव्हन चालू असतांनाच अडखळूं शकतें. दोष शोधण्याची रीत सोपी आहे. एका बँकेचें कार्ड अडून दुसऱ्या बँकेचें चालत असेल, तर दोष दुकानांत नाहीं. सर्वच कार्डें अडत असतील, तर यंत्र दाराशीं नेऊन पाहावें, वाय-फाय सोडून सिमवर घ्यावें, राउटर बंद करून पुन्हां चालू करावा. एका वेळीं एकच बदल करावा, म्हणजे गुण कशानें आला हें कळतें.

परंतु आळंदीच्या त्या कुटुंबाचें काय? तेथें निरोप पोचला, बँकेनें पैसे वजा केले, आणि ‘मंजूर’ हें उत्तर परतीच्या वाटेवर हरवलें. निरोप जातांना हरवला कीं उत्तर येतांना, हें यंत्रास कळूं शकत नाहीं. म्हणून ठराविक वेळ वाट पाहून तें मागचा व्यवहार रद्द करण्याचा निरोप धाडतें. वाट बंद असेल तर हा निरोप यंत्रांतच राहतो आणि वाट खुली झाल्यावर निघतो. तोहि न पोचल्यास बँकांच्या हिशेबाच्या ताळ्यांत फरक उघडकीस येतो. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणें, रक्कम वजा होऊन दुकानांत तसा निर्वाळा मिळाला नाहीं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आंत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई ग्राहकानें न मागतां द्यावयाची आहे. क्यूआर संकेतावरून दुकानदारास यूपीआयनें दिलेल्या पैशासहि हाच नियम आहे. बँकेनें ३० दिवसांत तक्रारीचें समाधान न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें.

तेव्हां अशा प्रसंगीं कार्ड घाईनें दुसऱ्यांदा घालूं नये. मालकानें प्रथम यंत्रावर मागील व्यवहाराची नोंद पाहावी. तो पुरा झालेला दिसला तर बिल फिटलें. पावती पुन्हां छापून द्यावी. नोंद नसेल तर मालकास पैसे मिळालेले नाहींत, आणि गिऱ्हाइकानें ते दुसऱ्या मार्गानें दिले पाहिजेत. मात्र बिलावर वेळ, रक्कम, फोनवर आलेला १२ आंकडी संदर्भ क्रमांक आणि ‘पहिला प्रयत्न अपूर्ण’ एवढें लिहून मालकानें सही करावी. कार्डाचा पूर्ण क्रमांक कोठेंहि लिहूं नये. चुकून दोन पावत्या निघाल्याच, तर दिवसाचा हिशेब बंद होण्यापूर्वीं त्याच यंत्रावर एक रद्द करतां येते.

गल्ल्यावर बसणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवलें, तर एकादशीच्या गर्दींतहि गिऱ्हाइकास दाराशीं अडवून ठेवण्याची पाळी येणार नाहीं, आणि गिऱ्हाइकहि आपण फसलों असें मनांत घेऊन पुण्याची वाट धरणार नाहीं.